विनायकांचा सिनेमा आणि शिरोड्याची शाळा



हिंदी चित्रपटाच्या जुन्या काळातल्या एखाद्या दिग्दर्शकावर बोला, असं मालवणच्या या व्याख्यानमालेच्या संयोजकांनी सुचवलं. त्यांच्या मनात शांतारामबापू असावेत, नाहीतर गुरुदत्त. मी मास्टर विनायक हे नाव कळवलं. पुढे बाजारात एक मित्र भेटला. त्याने विषय ऐकला आणि विचारलं, "विनायक? तो खयचो? आपलो काय?" मालवणी माणसाचा पहिला प्रश्न हाच असायचा, त्याला इलाज नाही.

तर उत्तर आधीच देऊन टाकतो. आपलो नाय. विनायक दामोदर कर्नाटकी कोल्हापूरचे. १९ जानेवारी १९०६ चा जन्म, आणि जवळजवळ सगळी कारकीर्द कोल्हापूर, पुणे आणि मुंबई या तीन ठिकाणची. आपल्या जिल्ह्यात त्यांचं घर नव्हतं, कुळागर नव्हतं, देवस्थान नव्हतं. पण आपण आत्ता ज्या नाट्यगृहात बसलोय त्याला मामा वरेरकरांचं नाव आहे. विनायकांनी दिग्दर्शक म्हणून केलेला पहिला बोलपट 'विलासी ईश्वर', १९३५ चा, आणि त्याची कथा याच मामांची. दुसऱ्याच वर्षी त्यांनी 'छाया' केला. त्याची कथा शिरोड्याच्या इंग्रजी शाळेत मुलांना मराठी-संस्कृत शिकवणाऱ्या एका हेडमास्तरांची, म्हणजे वि. स. खांडेकरांची. पुढची सात-आठ वर्षं विनायकांचे गंभीर चित्रपट बहुतेक खांडेकरांच्याच लेखणीतून उतरले.

मला आज जे सांगायचंय ते याच्याशी जोडलेलं आहे. चित्रपट कागदावर सुरू होतो, हे त्या काळी फार थोड्या दिग्दर्शकांना पटलेलं होतं. विनायकांना ते पटलं होतं, आणि तो कागद त्यांनी घाटाखालून मागवला. त्यातून त्यांना जे मिळालं आणि जे नडलं, दोन्ही बोलायला हवं. स्मृतिव्याख्यान म्हणजे नुसती आरती नव्हे, असं मी धरून चालतो.

विनायक पडद्यावर पहिल्यांदा ठळक दिसले ते नारद म्हणून. १९३२ साली प्रभातने 'अयोध्येचा राजा' काढला. तो मराठीत आणि हिंदीत, दोन्ही भाषांत निघाला. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र, दुर्गा खोटे तारामती आणि विनायक नारद. गळा होता, चेहरा होता आणि नात्यागोत्यातली माणसं सगळी याच धंद्यातली. बाबूराव पेंढारकर, भालजी पेंढारकर, शांताराम हे सगळे एकमेकांच्या नात्यातले. सख्खा भाऊ वासुदेव कर्नाटकी कॅमेरामन. कोल्हापूरच्या त्या पिढीला सिनेमा हा घरचा धंदा होता, आपल्याकडे आंब्याची बाग असते तसा. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली. कोल्हापुरात मागे राहिलेल्या मंडळींतून कोल्हापूर सिनेटोन उभी राहिली, आणि तिथे विनायकांना दिग्दर्शनाची संधी मिळाली.

'विलासी ईश्वर' हिंदीत 'निगाह-ए-नफरत' या नावाने आला. शोभना समर्थ यांचं पडद्यावरचं पदार्पण याच चित्रपटातलं. पुढे त्या 'रामराज्य'मध्ये सीता झाल्या आणि घराघरात पोचल्या. त्यांच्या मुली नूतन आणि तनुजा तुम्हाला ठाऊक आहेत. मला मात्र इथे मामा वरेरकरांपाशी थोडं थांबायचंय. मामा त्या वेळी पन्नाशीचे होते. 'सत्तेचे गुलाम', 'हाच मुलाचा बाप' ही नाटकं मागे पडली होती, आणि शरच्चंद्र चट्टोपाध्यायांच्या कादंबऱ्या त्यांनी मराठीत आणायला घेतल्या होत्या. त्याच १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने शरदबाबूंचा 'देवदास' पडद्यावर आणला आणि सगळा हिंदुस्थान रडला. पूर्वेला शरदबाबू आणि न्यू थिएटर्स, पश्चिमेला शरदबाबूंचा मराठी भाषांतरकार आणि कोल्हापूर सिनेटोन. हा योगायोग असेल; पण पुराणकथांनी भरलेल्या पडद्यावर आजची माणसं आजच्या कपड्यांत आणायची, तर कादंबरीकार-नाटककारांच्या दारात जावं लागतं, हे दोन्हीकडे एकाच सुमाराला उमगलेलं दिसतं.

१९३६ मध्ये बाबूराव पेंढारकर, विनायक आणि छायालेखक पांडुरंग नाईक या तिघांनी हंस पिक्चर्स काढली. पहिल्या चित्रपटासाठी त्यांनी कथा मागितली ती शिरोड्याला.

आता शिरोड्याकडे वळू. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण ही बाजू पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत दोन ओळींत उरकलेली असते. खांडेकर मूळचे सांगलीचे. दत्तक गेले आणि सावंतवाडी मुलखातले झाले. १९२० साली ते शिरोड्याच्या ट्युटोरियल इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक म्हणून आले. आज जी अ. वि. बावडेकर यांच्या नावाने चालते ती हीच शाळा. अठरा वर्षं त्यांनी तिथे काढली. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता, तो १९८१ चा. शिरोडा रत्नागिरी जिल्ह्यात, वेंगुर्ले तालुक्यात. एका बाजूला सावंतवाडी संस्थान, दुसऱ्या बाजूला रेडी ओलांडून तेरेखोल, म्हणजे पोर्तुगीज हद्द. गावात वीज नव्हती. मुंबई गाठायची तर वेंगुर्ल्याचं बंदर आणि आगबोट. कोल्हापूर गाठायचं तर सावंतवाडीवरून आंबोली चढायची, आजरामार्गे जायचं. पावसाळ्यात बंदर बंद.

या गावाला कोपऱ्यातलं म्हणायला मी मात्र तयार नाही. शिरोड्याला मिठागरं होती आणि आहेत, आणि मे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला तो त्याच मिठागरांवर. देशाच्या कुठल्याकुठल्या भागांतून सत्याग्रही आले, लाठ्या खाल्ल्या, पकडले गेले. शाळेपासून हे हाकेच्या अंतरावर. ज्या मास्तराने ते दिवस पाहिले त्याला मुंबईच्या वर्तमानपत्रांची वाट बघायची गरज नव्हती. सावंतवाडीहून 'वैनतेय' साप्ताहिक निघत होतं, त्यात खांडेकर लिहीत होते. पुस्तकं येत होती. वर्गात बसलेली मुलं भंडाऱ्यांची, गाबतांची, कुळांची आणि खोतांचीही. फी भरायला कुणाकडे पैसे नाहीत, कुणाच्या घरी मुंबईची मनिऑर्डर आली नाही, कुणाचा बाप माडीच्या दुकानात बसलेला. खांडेकरांच्या 'उल्का', 'दोन ध्रुव' या १९३४ च्या कादंबऱ्यांत गरिबीविषयीचा जो संताप आहे, तो पुस्तकात वाचून आलेला नाही. पुस्तकी आहे तो त्या संतापाला त्यांनी दिलेला अलंकार. यावर पुढे बोलतो.

भिके डोंगरीवर ते जाऊन बसत, लिहीत. आज तिथे जाणाऱ्याला खाली माडांची गर्दी आणि पलीकडे वेळागरचा समुद्र दिसतो. साहित्यप्रेमी पर्यटक फोटो काढतात, मग सोलकढी पिऊन परत जातात. त्यांच्या यादीत 'ययाति' असते. 'छाया' नसतो.

'छाया'ची कथा ढोबळपणे अशी. आजारी बायकोच्या औषधाला पैसे नाहीत म्हणून एक माणूस चोरी करतो, पकडला जातो, आणि त्याच्या गुन्ह्याची सावली मुलांवर पडते. मुलगा कवी, मुलीच्या वाट्याला त्याहून वाईट दशा. समाज बापाच्या गरजेकडे बघत नाही, कायद्याकडे बघतो. स्वतः विनायक कवीच्या भूमिकेत, सोबत लीला चिटणीस आणि बाबूराव पेंढारकर. लीलाबाई पुढे बाँबे टॉकीजमध्ये अशोककुमारच्या नायिका झाल्या. खांडेकरांना या कथेसाठी गोहर सुवर्णपदक मिळालं. शिरोड्याच्या हेडमास्तरांना सिनेमाचं सोन्याचं पदक! त्या काळच्या पालकांना ही बातमी कशी वाटली असेल याची कल्पना करा. सिनेमा म्हणजे मुलं बिघडवणारी वस्तू, ही समजूत तेव्हा पक्की होती.

१९३६ साल डोळ्यांसमोर आणा. त्याच वर्षी प्रभातचा 'संत तुकाराम' आला, बाँबे टॉकीजचा 'अछूत कन्या' आला. मराठी पडद्यावर तोवर मुख्यतः देव, संत, राजे आणि मावळे. लांब कोट, धोतर, चष्मा घातलेला, नोकरीच्या शोधात फिरणारा तरुण नायक होऊ शकतो, ही कल्पनाच नवी होती. विनायकांनी ती धरली आणि सोडली नाही. त्यांच्या जवळजवळ प्रत्येक चांगल्या चित्रपटात पैशाची चणचण हे एक पात्र आहे.

इथे चित्रीकरणाची एक गोष्ट सांगतो, कारण आपण त्यांना हिंदी दिग्दर्शक म्हणतोय ते कशाच्या आधारावर, हे कळायला हवं. आज एका भाषेत चित्रपट काढतात आणि दुसऱ्या भाषेत आवाज चिकटवतात. त्या काळी तसं नव्हतं. आवाज तिथल्या तिथे मुद्रित व्हायचा. म्हणून द्विभाषिक चित्रपट म्हणजे खरोखर दोन चित्रपट. एकच सेट, तेच दिवे, तोच कॅमेरा. आधी मराठी शॉट, मग तेच नट तिथेच उभे राहून तोच प्रसंग हिंदीत करणार. रडायचा प्रसंग असेल तर दोनदा रडायचं. मराठीत वाक्य छोटं असेल आणि हिंदीत लांबलं, तर चालण्याची पावलं बदलणार, मान वळवण्याची वेळ बदलणार. नट जर कोल्हापूरचा असेल तर हिंदीतला प्रत्येक 'ज' आणि 'च' ओठांवर अडखळणार. लाहोर-दिल्लीच्या प्रेक्षकाला ती हिंदी कानाला लागत असणार, यात मला शंका नाही. पण त्या कानाला लागणाऱ्या हिंदीतूनच सातारा-रत्नागिरीकडच्या कारकुनाची आणि मास्तराची दुःखं उत्तरेत पोचली. 'छाया', 'धर्मवीर', 'ज्वाला', 'ब्रह्मचारी' हे सगळे दोन भाषांतले. १९३६ ते १९४१ या पाच-सहा वर्षांत विनायकांनी जेवढं काम केलं ते या हिशेबाने दुप्पट धरायला हवं.

आता 'ज्वाला'. १९३८ साली हंसने मोठा खर्च करून पोशाखी चित्रपट काढला. कथा खांडेकरांची, नायक चंद्रमोहन, ते मोठ्या करड्या डोळ्यांचे चंद्रमोहन. एक चांगला सेनापती भविष्यवाणी ऐकून महत्त्वाकांक्षेच्या नादी लागतो आणि बिघडत जातो. मॅकबेथची आठवण व्हावी अशी गोष्ट. चित्रपट पडला आणि कंपनी अडचणीत आली. मला त्यात आश्चर्य वाटत नाही. खांडेकरांची ताकद फीचे पैसे नसलेल्या मुलाच्या घरात होती, राजवाड्यात नव्हती. आणि विनायकांना भव्यतेचं वेड लागलं की त्यांच्यातला प्रभातचा जुना विद्यार्थी जागा व्हायचा. शांतारामांसारखं करून दाखवायची ती हौस असावी, असं मला वाटतं. पुरावा नाही, अंदाज आहे.

कंपनीला वाचवलं आचार्य अत्र्यांनी. त्याच १९३८ सालचा 'ब्रह्मचारी'. औदुंबर नावाचा साधा तरुण. ब्रह्मचर्य आणि देशभक्ती यांवरचं एक भाषण ऐकतो आणि पेटतो. घरात जमवलेली नटनट्यांची चित्रं फेकून देतो, जोर-बैठका काढतो, एका आश्रमासारख्या संस्थेत दाखल होतो. आणि तिथे किशोरी येते.

तिच्या पोहण्याचा प्रसंग तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मोबाईलवर पाहिला असेल. मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात, १९३८ साली. त्यावर इतकं लिहून आलंय की चित्रपटात दुसरं काही होतं हेच लोक विसरले. आता हा प्रसंग पुन्हा लावाल तेव्हा बाईकडे बघून झालं की औदुंबराकडे बघा. विनायकांनी गंमत त्याच्यात ठेवलीय. हा माणूस नियमाला धरून आहे, मान फिरवतो, पण कान फिरवता येत नाहीत. गाणं त्याच्यापर्यंत पोचतंच. किशोरीच्या चेहऱ्यावर मुळीच अपराधीपणा नाही. ती नुसती मजेत आहे. पाप आहे ते बघणाऱ्याच्या डोक्यात. हिंदी पडद्यावर नंतर पन्नास वर्षं बाई पाण्यात उतरली की कॅमेरा चोरून बघू लागला. विनायकांचा कॅमेरा चोरून बघत नाही, तो चोरून बघणाऱ्याची टर उडवतो. हा फरक मला फार मोठा वाटतो, आणि तो निव्वळ दिग्दर्शकाचा आहे. अत्र्यांच्या संवादांत तो सापडणार नाही.

जाता जाता, मीनाक्षीबाईंचं आडनाव शिरोडकर, तेही लग्नानंतरचं. शिरोडा गोव्यातही आहे, तेव्हा हक्क सांगायची घाई करू नका. आणि विनायकांचे लाडके विनोदी नट दामूअण्णा मालवणकर. त्यांच्या नावाचा तर इथे जयजयकार व्हायला हवा, पण ते वाढले घाटावर. मालवणीतला हेल त्यांच्या तोंडी कुणी ऐकला असेल तर मला सांगा. एका डोळ्याच्या तिरळेपणाचं त्यांनी भांडवल केलं आणि निरागसपणाचा असा चेहरा तयार केला की कॅमेऱ्याला फारसं काही करावंच लागत नसे.

१९३९ च्या 'ब्रँडीची बाटली'त एका भाबड्या कारकुनाला ब्रँडी हवी असते, आणि ती म्हणजे काय हेच त्याला माहीत नसतं. दारूबंदीचे वारे मुंबई इलाख्यात वाहत होते तेव्हाची ही थट्टा. हिंदीत 'ब्रँडी की बोतल'. १९४० मध्ये चिं. वि. जोशींचे चिमणराव-गुंड्याभाऊ 'लग्न पहावे करून'मध्ये पडद्यावर आले. हे तिन्ही चित्रपट आज लावले तरी माणसं हसतात. खांडेकरांचे 'देवता', 'अमृत' लावले तर आजचा तरुण अर्ध्या तासात उठून जाईल, असं मला वाटतं. आपल्या किनाऱ्याने दिलेला विनायक आणि पुण्याने दिलेला विनायक, यांत टिकाऊ निघाला तो पुण्याचा. इथे उभं राहून हे बोलताना मला आनंद होत नाही, पण पडद्याचा निकाल तसा आहे.

असं का झालं? खांडेकरांची माणसं बोलतात फार. सुख-दुःखावर, त्यागावर, माणुसकीवर, वाक्याला दुसरं वाक्य जोडून, उपमेवर उपमा चढवून. कादंबरीत वाचक हवं तिथे थांबतो, वाक्य पुन्हा वाचतो, वहीत उतरवून घेतो. त्या काळी मुली खांडेकरांची वाक्यं वहीत उतरवून घेत, हे अनेक घरांतल्या आज्या सांगतील. चित्रपटगृहात थांबता येत नाही. नट वाक्य टाकतो, दुसऱ्या नटाला उत्तरात तसंच वजनदार वाक्य टाकावं लागतं, आणि त्या वेळात कॅमेरा रिकामा उभा. विनायक हाडाचे नट असल्यामुळे त्यांना संवादाचा मोह जास्त. अत्रे आणि चिं. वि. लहान वाक्यं लिहीत, उलट उत्तर देत, म्हणून तिथे चित्रपट धावतो.

पण 'अमृत'वर मी अन्याय करणार नाही. १९४१ चा हा चित्रपट; खालच्या थरातल्या एका बाईच्या भूमिकेत ललिता पवार. नंतरच्या हिंदी चित्रपटांनी त्यांना खाष्ट सासूच्या साच्यात अडकवून टाकलं. त्याआधी ही बाई काय तोलामोलाची नटी होती, याची साक्ष 'अमृत'ला आहे. आणि १९३९ चा 'सुखाचा शोध' विसरू नका. खांडेकरांच्या कादंबरीवरून हंसनेच काढला, पण दिग्दर्शक पार्श्वनाथ आळतेकर, आपल्या खारेपाटणचे. मराठी रंगभूमीला नवं वळण देणाऱ्या 'नाट्यमन्वंतर'मधले ते. म्हणजे लेखक शिरोड्याचा आणि दिग्दर्शक खारेपाटणचा. तिरकं हसणाऱ्यांसाठी सांगतो, आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याची दोन टोकं हीच आहेत.

१९३८ मध्ये खांडेकर शिरोडा सोडून कोल्हापूरला गेले, ते चित्रपटकथेच्या कामासाठीच. पुढच्या काळात हंसची नवयुग झाली, बिऱ्हाड पुण्याला गेलं, मतभेद झाले, माणसं फुटली. त्या तपशिलांत शिरत नाही. प्रत्येकाच्या आत्मचरित्रात ते वेगळे आहेत. विनायकांनी १९४३ मध्ये कोल्हापुरात प्रफुल्ल पिक्चर्स काढली. पहिला मोठा चित्रपट 'माझे बाळ'. कथा पुन्हा खांडेकरांची, कुमारी मातेची. ज्या समाजात असा विषय घरात उच्चारला जात नव्हता तिथे त्यांनी तो बोलपटात आणला.

याच 'माझे बाळ'मध्ये मंगेशकरांची मुलं दिसतात. मास्टर दीनानाथ २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात गेले. थोरली मुलगी लता तेव्हा बारा वर्षांची. विनायकांनी तिला नवयुगच्या 'पहिली मंगळागौर'मध्ये काम दिलं, मग प्रफुल्लमध्ये घेतलं. 'गजाभाऊ' या मराठी चित्रपटात तिने एक हिंदी गाणं गायलं. १९४५ मध्ये कंपनी मुंबईला गेली तेव्हा तीही गेली. त्याच वर्षीच्या 'बडी माँ'मध्ये नायिका नूरजहाँ. सेटवर पलीकडे उभ्या लता आणि आशा. विनायकांच्या आठवणी निघतात त्या आज एवढ्यावरच थांबतात. त्यांनी लताला नोकरी दिली. ते अभिनेत्री नंदाचे वडील. दोन्ही गोष्टी खऱ्या, दोन्ही मोठ्या. पण तीस-बत्तीस वर्षांच्या वयात ज्याने 'छाया' आणि 'ब्रह्मचारी' केले त्याची ओळख ही असावी का? नंदाबाईंनाही ते पटलं नसतं.

'बडी माँ' युद्धकाळातला चित्रपट, युद्धप्रयत्नांना पूरक अशा विषयाचा. कच्ची फिल्म तेव्हा सरकारी परवान्याने मिळत होती, आणि सरकारला अशा विषयांची अपेक्षा होती. त्यानंतर 'सुभद्रा' आणि 'जीवनयात्रा', दोन्ही १९४६ चे, दोन्ही केवळ हिंदीत. शांता आपटे, वसंत देसाईंचं संगीत, मोठी नावं. मला त्यात विनायक कमी दिसतात. दोन भाषांत काम करणारा माणूस एकदा हिंदीत पूर्ण गेला की त्याच्या पायाखालची जमीन सरकते. मराठी शॉट आधी घेताना जो विश्वास असायचा तो हिंदीच्या थेट शॉटमध्ये राहिला नसावा. याला कुणी मराठी माणसाचा पूर्वग्रह म्हणेल. म्हणू दे.

१९ ऑगस्ट १९४७ ला ते गेले. वय एक्केचाळीस. देश स्वतंत्र होऊन चार दिवस झाले होते. वर्तमानपत्रांत जागा कुठली असणार. 'मंदिर' अर्धवट राहिला होता. तो दिनकर पाटलांनी पुरा केला आणि १९४८ मध्ये लागला. त्यात लहानगी नंदा आहे. लता मंगेशकरांना मुंबईत नवी वाट शोधावी लागली, ती संगीतकार गुलाम हैदरांच्या 'मजबूर'मध्ये सापडली. प्रफुल्लची माणसं इतस्ततः झाली.

विनायक विस्मृतीत का गेले याची उत्तरं मला त्यांच्या कामातच दिसतात. हिंदी चित्रपटाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी त्यांना मराठीत ढकललं. मराठीत त्यांची आठवण विनोदी चित्रपटांपुरती राहिली. १९५० नंतरचा राजा परांजप्यांचा विनोद त्यांच्याच वाटेने आला, हे आपण विसरलो आणि परांजप्यांवर स्तुतीचे लेख लिहीत राहिलो. गंभीर चित्रपटांचं श्रेय खांडेकरांकडे गेलं, आणि खांडेकरांच्या टीकाकारांनी ते चित्रपट दोषाच्या रकान्यात टाकले: सिनेमाच्या नादाने कादंबरीकार वाया गेला. १९४२ च्या 'क्रौंचवध'नंतर जवळजवळ तपभर त्यांनी कादंबरी लिहिली नाही, हा त्याचा पुरावा म्हणून देतात. मला हा हिशेब मान्य नाही. 'ययाति' १९५९ ची, पुढे मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळवून देणारी. तीत ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने पुढे येऊन आपापली बाजू सांगतात. एकच प्रसंग एकाच्या तोंडून, मग दुसऱ्याच्या तोंडून. तोच सेट, तेच दिवे, बोलणारं माणूस वेगळं. शिरोड्यात लिहिलेल्या कादंबऱ्यांत लेखक सगळ्यांच्या वतीने बोलायचा. पटकथा लिहिल्यावर तो बाजूला व्हायला शिकला, असं मी समजतो. समीक्षकांनी याचा खल करावा. मी त्यांच्या प्रांतात यापुढे जात नाही.

एक व्यवहाराची गोष्ट सांगतो आणि थांबतो. 'छाया' आज सहजी पाहायला मिळत नाही. त्या काळी थिएटरात गाण्यांची पुस्तिका विकत मिळायची. आत कथासार, भूमिकांची यादी, सगळी गाणी. कधी मराठी, हिंदी, गुजराती अशा तिन्ही भाषांत. मुंबईहून चाकरमानी गणपतीला आला की ट्रंकेत असल्या पुस्तिका असायच्या. वेंगुर्ले, सावंतवाडी, मालवणच्या जुन्या घरांच्या माळ्यावर त्या अजूनही असतील, पोथ्यांच्या गठ्ठ्यात, लग्नपत्रिकांच्या खाली. यंदा चतुर्थीआधी माळा साफ करायला काढाल तेव्हा रद्दीवाल्याला बोलवण्याआधी गठ्ठे सोडून बघा. हंस पिक्चर्स, नवयुग किंवा प्रफुल्ल असं नाव दिसलं तर ती पुस्तिका उन्हात वाळत घालू नका, शाई जाते; कोरड्या कापडात गुंडाळून ठेवा आणि शिरोड्याच्या खांडेकर स्मारकात नेऊन द्या. निदान एक फोटोप्रत तरी द्या.